दोन स्वेटरांचं बाळसं

अंगणवाडीच्या अक्का घरी आल्या की बाळाकडे बघतच नसत. आधी माझ्या बायकोला विचारत, "जेवलीस का गं? काय काय जेवलीस?" तिचं सांगून झालं, की मग पाळण्याकडे वळत. कानडी मुलखातल्या येलहंक्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातल्या त्या; बोलण्यात कानडी शब्द सहज यायचे. मी पुण्याहून आलेला, आयटीतला, म्हणजे सर्वज्ञ.

मुलीच्या दुधाचा तक्ता मीच आखला होता. दर तीन तासांनी मोबाईलवर गजर. मध्येच रडली, तर मी बायकोला सांगायचो, "अजून पन्नास मिनिटं आहेत." दुसऱ्या महिन्यात अक्कांच्या कार्डावर वजनाचा ठिपका हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात घसरला. "स्वल्प लक्ष ठेवू या," अक्का म्हणाल्या. मला मात्र मीच नापास झाल्यासारखं वाटलं.

म्हणून पुढच्या वजनाला मी पोरीला अंगणवाडीत दोन स्वेटर, कानटोपी आणि चांदीचे वाळे घालून नेलं. ऐन एप्रिलात. अक्कांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "काय अण्णा, काश्मीरला निघालात?" मग एकेक वस्तू उतरवून आधी तीच काट्याच्या झोळीत टाकली. "स्वेटरनं छान बाळसं धरलंय हां!" जमलेल्या आया खो खो हसल्या. मग पोरीला ठेवलं. काटा गेल्या महिन्याच्याच आकड्यावर थांबला. आता कुणी हसलं नाही.

"ठिपका खोटा दिलात, तर हिला मदत कुणी करायची?" अक्का हळूच म्हणाल्या.

त्यांनी आम्हाला लगेच दवाखान्यात पाठवलं. आजार काही नव्हता. पोर उपाशी राहत होती, माझ्या तक्त्यापायी. "भूक लागली की पाजायचं. गजर तुमच्या हापिसाला लावा," अक्कांनी मला सुनावलं. आठवडाभर अंगणवाडी सुटली की त्या येऊन बायकोजवळ बसत, बाळाला कसं धरायचं ते दाखवत. मला स्वयंपाकघरात पिटाळलं होतं. मी बायकोसाठी वळलेला नाचणीचा पहिला गोळा हातात तोलून म्हणाल्या, "सरी, चालेल. ह्याचंही वजन कार्डावर लिहू."

पुढच्या महिन्यात पोर नुसत्या लंगोटात झोळीत विसावली. काटा थरथरत पुढे सरकला. अक्कांनी पेन माझ्या हातात दिलं. हापिसात दिवसभर आलेख काढणारा मी; ठिपक्याचा चांगला डाग झाला.

"खोडू का?"

"राहू दे. खरा आहे."

गेल्या वर्षी अक्का निवृत्त झाल्या. निरोपाला शाळेच्या गणवेशातल्या लेकीला घेऊन गेलो. अक्कांनी पदर खोचला, तिला उचलायला गेल्या आणि धपकन खाली बसल्या. "अय्यो, उचलवत नाही हो ही!"

एवढ्या आनंदानं केलेली तक्रार मी दुसरी ऐकलेली नाही.