घड्याळ काढलं की

माझ्या बहिणीचा नवरा घड्याळं दुरुस्त करतो. हात म्हणे सोन्याचे! हे ऐकलं की माझं डोकं सणकतं, कारण त्या हातांचा प्रसाद बहिणीच्या गालावर मी पाहिलाय. दुकानात हा जोरात श्वाससुद्धा घेत नाही, स्क्रू उडेल म्हणून. घरी सगळी कसर भरून काढतो.

मारण्याआधी तो मनगटावरचं घड्याळ काढतो, रुमाल पसरतो आणि त्यावर काच वर करून ठेवतो. धक्क्याने यंत्र बिघडतं ना! बायको मोडली तर चालते. पट्ट्याचं बकल वाजलं की माझ्या दोन्ही भाच्या पलंगाखाली शिरायच्या. आणि मी, चार लोकांत शोभा नको म्हणून, मूग गिळून बसायची.

थोरली पंधराची झाली तशी दुकानात काम शिकू लागली. चिमटा धरायची तो थेट बापासारखा. "अगदी बापावर गेलीय," गिऱ्हाइकं कौतुक करायची आणि पोरीचा चेहरा उतरायचा. एकदा मला म्हणाली, "मावशी, मला आईसारखं नाही व्हायचं. मग उरतं कोण? बाबाच ना?" मी मोठी शहाणी! "वेडी कुठली," म्हणून उडवून लावलं.

परवा ती घरी एक घड्याळ उघडून बसली होती. तिची पहिली स्वतंत्र दुरुस्ती. धाकटीचा टेबलाला धक्का लागला आणि मोहरीएवढे स्क्रू फरशीवर विखुरले. थोरली उठली. मनगटावरचं बकल सोडलं, रुमाल पसरला, घड्याळ काच वर करून ठेवलं.

धाकटी भिंतीशी बसली, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. "ताई, तोंडावर नको गं. उद्या वर्गाचा फोटो आहे."

तासाभरात दोघी माझ्या दारात होत्या. थोरलीचं मनगट मोकळंच होतं. "मारलं नाही गं मी, मावशी. पण घड्याळ काढलं होतं." या वेळी माझ्या तोंडून "वेडी कुठली" निघालं नाही. त्यांना आत घेतलं आणि बहिणीला फोन करून म्हटलं, "आता तूही नीघ."

तिच्याआधी तोच आला. मी दार अडवून उभी राहिले.

"बाजूला व्हा. माझी पोर आहे ती," थोरलीकडे बोट करत तो गुरगुरला.

थोरली माझ्या मागून म्हणाली, "तेच निस्तरायला आलेय इथे, बाबा."