उत्तरपूजा राहून गेलेला कलश

मी शाळेत विज्ञान शिकवते, बावीस वर्षं. करणी, भानामती, अंगात येणं... या विषयांवर स्टाफरूममध्ये माझ्याशी वाद घालायच्या फंदात कुणी पडत नाही. त्यामुळे हे लिहायला मला दोन पावसाळे लागले. हसायचं तर हसा, पण पूर्ण वाचा.

माझं घर कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. धाकटी बहीण सुलभा शिरोळ तालुक्यात दिली आहे, कृष्णेच्या काठावर. महापुरात घर पडल्यावर त्यांनी जोतं उंच घेऊन नवं बांधलं. श्रावणात वास्तुशांत होती. पूजेच्या सुरुवातीला कलशात पाणी घालून वरुणाला बोलावतात. तो तांब्याचा कलश मीच भरला, बोअरच्या पाण्यानं, गळ्याखाली चार बोटं ठेवून. गुरुजी हौशी होते. वरुण मूळचा आभाळाचा राजा, पाणी त्याच्याकडे नंतर आलं, असं ते सांगत होते. मला हे नवीन होतं, मी दोन-चार प्रश्नही विचारले.

होम झाला, नैवेद्य झाला, उत्तरपूजा तेवढी राहिली... आणि गुरुजींना घरून फोन आला की रस्त्यावर पाणी चढायला लागलंय. ते तसेच गाडीला किक मारून गेले.

उत्तरपूजा म्हणजे बोलावलेल्या देवाला निरोप. ती होईपर्यंत कलश हलवत नाहीत. मी म्हटलं, आपणच अक्षता टाकू. सुलभाच्या सासूबाई, म्हणजे आक्का, भडकल्याच.

"मंतर तुमच्या बुकात हाय व्हय? देवाला बोलवून बसीवलाय, आता कुनीबी उठवायचा व्हय त्येला?"

कलश पाटावरच राहिला. दोन दिवसांनी मेहुण्यांच्या पोटात दुखायला लागलं, सुलभा त्यांना आणि लेकीला घेऊन मिरजेला दवाखान्यात गेली. घरी मी, आक्का आणि चार म्हशी. नदी गावाच्या कडेपर्यंत येऊन उतरायला लागली होती. शेजारचे अण्णा तर हलवलेल्या आपल्या दोन म्हशी परतही घेऊन आले.

त्या सकाळी कलशावरचा नारळ जरा कलल्यासारखा दिसला. उचलला, तर पाणी नारळाला टेकलेलं! गळ्याखालची चार बोटं भरली होती. आधी स्लॅब गळतोय का पाहिलं, खाली पेपर पसरले. कोरडे. आक्का पाणी घालतात म्हणावं, तर खोलीला कुलूप लावून किल्ली मी कमरेला खोचली. भाचीची स्टीलची पट्टी घेतली आणि दर तासाला मोजायला लागले. दहाला, अकराला, बाराला... दर वेळी थोडं जास्तच. खरं सांगू? भीती नाही वाटली. मजा वाटत होती. कितीतरी वर्षांनी मला उत्तर माहीत नसलेला प्रयोग मिळाला होता.

चार वाजता पाणी पाटावर ओघळत होतं. आणि ते गढूळ होतं.

आक्कांनी एकदा पाहिलं. म्हणाल्या, "जनावरं हलीव."

फोनवर मेसेज येत होते, पाणी उतरतंय. तरी मी ट्रॅक्टरवाल्याला बोलावलं. मोजलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायची सवय, याखेरीज मला कारण देता येत नाही. म्हशी ट्रॉलीत चढवताना अण्णा कुंपणाशी आले.

"पानी उतराय लागलंय न्हवं? म्हशी कुठं काढल्यासा बाई?"

"लस टोचायची आहे," मी म्हणाले.

विज्ञानाच्या बाईनं काय सांगायचं? तांब्यातलं पाणी वाढलंय म्हणून? जीभच रेटेना. त्यांनीच आमच्या दोन म्हशींना मागून ढकलायला मदत केली.

आम्ही उंचावरच्या पाहुण्यांकडे गेलो. पहाटे गावात पाणी शिरलं. वरच्या धरणांतून विसर्ग वाढवला होता, हे नंतर कळलं. ते नदीचं कारण झालं, कलशाचं नाही.

पाणी ओसरल्यावर घर उघडलं. भिंतीवर कंबरेएवढी ओल, सगळीकडे चिखल. पाट जागच्या जागी होता, त्यावर नारळासकट कलश. आत स्वच्छ पाणी, गळ्याखाली चार बोटं. मी पट्टी लावून दोनदा पाहिलं. गुरुजींना बोलावून उत्तरपूजा केली तेव्हा त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, "असं कुठल्या पोथीत माझ्या वाचनात नाही."

अण्णांच्या घरची माणसं गच्चीवर चढून वाचली. म्हशी दाव्याला बांधलेल्या होत्या. आक्कांनी त्यांना कलशाचं सगळं सांगितलं, तेव्हा मी तिथेच उभी होते. अण्णा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"आमी हसलो असतो बाई," ते म्हणाले. "पन म्हशी सोडल्या असत्या की."

त्या कलशात पाणी कुठून आलं, हे मला आजही माहीत नाही. अण्णांना मी खोटं का सांगितलं, ते मात्र नीट माहीत आहे.