बाज्याला तोंड नसतं

माझं लग्न लागलं की नाही, यावर आमच्या कोळवाड्यात दोन तट होते. एका तटात सगळं गाव होतं आणि दुसऱ्यात एकटी माझी आत्या. तरी पारडं आत्याचंच जड होतं, कारण गावची लग्नं लावायची तीच. आमच्याकडे तेव्हा भटजी बोलावत नसत. लग्न लावायला धवलारीण असे. मांडवात नवरा-नवरीसमोर बसून ती धवले म्हणायची, देवांना एकेक करून लग्नाला बोलवायची. शेवटच्या धवल्याला अंतरपाट खाली आला आणि माळा पडल्या, की लग्न लागलं. तो धवला म्हटला नाही तर हळद लागून, पंगती उठूनही नवरी कुवारच.

आई-बाप मला आठवत नाहीत. मला वाढवलं आत्याने. ती विधवा होती, तोंडाने फटकळ आणि गळ्याने मोठी. तिचा धवला भरतीच्या वेळीही होड्यांपर्यंत ऐकू जायचा. तिच्या तावडीत सोळा वर्षं काढल्यावर माणसाला एक तर गाणं येतं, नाहीतर उलट उत्तर देता येतं. मला गाणं आलं नाही.

आमचा कोळवाडा अलिबागच्या उत्तरेला. वाड्याच्या कडेला सुरूचं बन होतं आणि बनात मुंबईच्या एका पारशी शेटचा बंगला. मिठाची चळवळ नुकती होऊन गेली होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. शेटला विलायती संगीताचं वेड. एका हिवाळ्यात त्याने मनात घेतलं, की किनाऱ्यावरच्या लोकांची गाणी आणि मुंबईचा मोठा विलायती बाजा एकत्र आणायचा, तोही उघड्यावर, बंगल्यापुढच्या वाळूत. शेट त्याला सिंफनी म्हणायचा. आम्ही बाजाच म्हणत होतो आणि मला त्यात अजूनही काही चूक वाटत नाही.

गाणी लिहून घ्यायला त्याने आधी एक गोव्याचा फिडलवाला पाठवला. गडी शांत होता. कोळ्यांची वल्ह्यांवरची गाणी त्याने दोन दिवसांत उतरवून घेतली. मग तो आमच्या ओट्यावर आला आणि आत्याला म्हणाला, एक धवला म्हणा.

आत्या म्हणाली, "नवरा न्हाय, नवरी न्हाय, मांडव न्हाय, आनि धवला म्हनू कोनाला? ह्या कुत्र्याला?" पायरीवर झोपलेलं कुत्रं तिचा आवाज ऐकून उठलं आणि निघून गेलं. फिडलवालाही गेला.

दुसऱ्या दिवशी तो आमच्या परसाच्या कुडाबाहेर उभा राहिला आणि त्याने धवला वाजवला. तो गावात आला त्याच संध्याकाळी एक लग्न होतं, तिथे त्याने तो कानावर घेतला होता. आत्या विळीवर मासळी कापत होती. तिचा हात थांबला. तिचं गाणं तिने जन्मात बाहेरून ऐकलं नव्हतं. म्हणणाऱ्याला ते कसं ऐकू येणार? कुडाकडे न बघता ती म्हणाली, "परत वाजव."

ती कबूल झाली, पण अटींवर. मांडव खरा हवा. उंबराची मेढ, म्हणजे मांडवाचा पहिला खांब, खरी हवी. हळद खरी, अक्षता खऱ्या, नवरा-नवरीही हाडामासाची. शेट स्वतः समजूत घालायला आला. "बाय, आपुन तर नाटक करते. नाटकमधे सच्ची मेढ कशाला पायजे?"

"नाटकाला मी येनार न्हाय," आत्या म्हणाली. शेटने मेढ आणवली.

आता नवरी कुठून आणायची? कोण आपली पोरगी देणार? तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझं ठरलेलं होतं. आगरदांड्याचं घर होतं, मुलगा मी एकदा पाठमोरा पाहिला होता. हिचं ठरलेलंच आहे, हिला काय होतंय, असं सगळ्यांचं मत पडलं. माझं कोणी विचारलं नाही, पण ठरवतानाही विचारलं नव्हतं, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. आगरदांड्याला निरोप गेला. तिकडून होणाऱ्या सासूबाईंनी कळवलं, की मी स्वतः येऊन पुढे बसेन. म्हणजे डोळा ठेवेन.

तरी आत्याने एक दोरी आपल्या हातात ठेवली. शेवटचा धवला ती म्हणणार नव्हती. फिडलवाला काकुळतीला आला. म्हणाला, शेवट नसला तर गाणं बंद कसं करणार? आमचा बाजा चालवणारा साहेब ऐकणार नाही.

"मंग तो तुमीच वाजवा," आत्या म्हणाली. "बाज्याला तोंड न्हाय. तोंडानं म्हटल्याबिगार लगीन लागत न्हाय." आणि तोंड घट्ट मिटून तिने शेवटच्या धवल्याची चाल त्याला नुसती गुणगुणून दिली. यात काही भोक राहिलं आहे असं कोणाच्याही मनात आलं नाही. माझ्याही नाही.

बाजा मुंबईहून मचव्याने आला. रेवसला उतरवून बैलगाडीने आणला असता तर वाटेत खिळखिळा झाला असता, म्हणून मचवा थेट बंगल्यासमोर नांगरला आणि आमच्या वाड्यातले गडी पाण्यात उतरले. छातीभर पाण्यातून एकेक पेटी डोक्यावरून काठाला येत होती. वाजवणाऱ्यांनाही तसंच खांद्यावरून आणलं. छडी घेऊन बाजा चालवणारा गोरा साहेब तेवढा स्वतःच्या पायांनी चालत आला आणि विजारीसकट भिजला. सगळ्यात शेवटी माणसाहून उंच असं एक फिडल निघालं. ते कोणी घेईना. मग एक जण पुढे झाला, ते आडवं करून डोक्यावर घेतलं आणि लाट आली की टाचा उंचावत काठापर्यंत आला. त्या फिडलाला पाण्याचा थेंब लागला नाही. शेटने तिथेच ठरवलं, की हाच नवरा. तो भावाच्या घरी राहायचा, भावाच्या होडीवर जायचा. नको म्हणायला त्याला आई-बाप नव्हते.

ठरल्या दिवशी उन्हं उतरल्यावर सगळे जमले. एका बाजूला खुर्च्यांवर मुंबईचे साहेब, मडमा आणि शेटचे पाहुणे. दुसऱ्या बाजूला वाळूत आमच्या आणि आसपासच्या वाड्यांतल्या बायका, नवी लुगडी नेसून, मुठीत अक्षता घेऊन. पहिल्या रांगेत माझ्या होणाऱ्या सासूबाई. वाऱ्याने बाज्याचे कागद उडू लागले, तेव्हा कोळ्यांनी त्यांना जाळ्याचं शिसं बांधून दिलं. मी आणि तो मेढीपाशी पाटांवर बसलो, मधे अंतरपाट. ते मोठं फिडल नेमकं आमच्या बाजूलाच उभं होतं. ते वाजलं की आवाज कानाला कमी आणि पाटाला जास्त कळायचा.

वल्ह्यांची गाणी झाली. बायकांचा नाच झाला. मग आत्या उठली.

खरं सांगायचं तर मला भीती होती, की एवढ्या बाज्यापुढे तिचं हसं होईल. पण त्या फिडलवाल्याने शहाणपणाने बांधणी केली होती. आत्याने एक ओळ म्हणायची, मग तेवढीच ओळ सगळ्या फिडलांनी म्हणायची. आत्या ओळ टाकायची आणि थांबायची. समोरून तिचीच ओळ तिच्याकडे परत यायची. ती ऐकताना तिचा चेहरा मी अंतरपाटाच्या कडेने बघत होते. तो चेहरा मी घरात कधी पाहिला नव्हता. तिचा मला फार अभिमान वाटला, आणि तो तिला सांगायचं राहून गेलं.

ठरल्याप्रमाणे शेवटच्या धवल्याशी ती गप्प झाली, पदर तोंडाला लावून बसली. साहेबाने छडी उचलली आणि बाजा एकटा वाजू लागला.

आता आमच्या बायका. जन्मभर त्यांनी ही चाल एकाच जागी ऐकलेली, आणि ती आली की उठून उभं राहायचं, धवलारणीच्या मागे म्हणायचं आणि अक्षता टाकायच्या, एवढंच त्यांना ठाऊक. चाल आली, त्या उठल्या आणि म्हणू लागल्या. शंभरेक बायका असतील, जास्तही असतील. अंतरपाट धरणाऱ्या दोघांनी, कापड खाली सोडायची वेळ झाली म्हणून, ते सोडलं. अक्षता डोक्यावर पडल्या. आत्या ओरडत होती, "गप बसा, गप बसा गो!" पण तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच कोणाला ऐकू गेला नाही. साहेबाने मागे वळून पाहिलं. एवढा समुदाय आपल्या बाज्याबरोबर गातो आहे हे बघून तो हरखला आणि त्याने तो धवला पुन्हा पहिल्यापासून घेतला. म्हणजे लग्न दोनदा लागलं.

माळा पडल्या त्या दुसऱ्या वेळी. त्याने घातली आणि मीही घातली. नंतर लोक म्हणाले, सवयीने हात उठला असेल. सवय बायकांची होती. मला लग्नाची सवय कुठून असणार? त्या फिडलाला थेंब न लागू देता आलेला माणूस माझ्यासमोर होता आणि माझा हात मी उचलला.

खुर्च्यांवरच्या लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी पंच बसले. आत्या म्हणाली, "मी म्हटला न्हाय. लगीन न्हाय झालं. पोर आगरदांड्याला जाईल." प्रश्न मिटल्यासारखा होता. तेवढ्यात आगरदांड्याच्या सासूबाई उठल्या. चेहरा उतरलेला होता. "धवलारनीनं म्हटला नसंल," त्या म्हणाल्या, "पन मी म्हटला. माज्या तोंडानं म्हटला, दोन वेलेला. माज्या हातानं अक्षता टाकल्या. आता हिला घरी नेऊन कंच्या तोंडानं सून म्हनू?" डोळा ठेवायला आलेली बाई गाण्यात वाहून गेली होती.

पंचांनी त्याला विचारलं, तुझं काय? तो म्हणाला, "फिडल उचलाया सांगितलं तवा उचललं. खाली ठेव म्हनून कोनी सांगितलं न्हाय." माणसं हसली आणि मी त्याच्या भावाच्या घरी नांदायला गेले.

आत्या मात्र हसली नाही. ती समोर बसलेली असताना तिच्याशिवाय एक लग्न लागलं होतं, आणि तेही तिच्याच पोरीचं. पुढच्या लग्नांत बायका तिला चिडवायच्या, तू नसलीस तरी चालंल गो, आमी हाव. ती माझ्या घराची पायरी चढेना. वाटेत भेटली तर माझी चौकशी करी, त्याचं नाव काढत नसे. "लगीन न लागलेल्या घरात मी पानी पित न्हाय," म्हणायची. आमच्या मधे फक्त चार घरं होती. ती चार घरं मला आगरदांड्याहून लांब झाली. गावाने मला लग्नाची म्हटलं होतं, शेजारणी हळदीकुंकवाला बोलवत होत्या, पण जिने मला वाढवलं तिच्या लेखी मी कुणाच्या तरी घरात राहिलेली पोरगी होते. मला ते लागायचं. रात्री मी त्याच्याशी त्यावरून भांडायची, जसा काही त्यानेच बाजा आणला होता.

तिसऱ्या पावसाळ्यात मला मुलगी झाली. होड्या वर ओढलेल्या होत्या आणि तो घरीच होता. बारशाच्या सकाळी दारात आत्या उभी राहिली. भिजलेली होती, हातात हळदीची वाटी, काखेत पाट.

"पोरीला बापाचं नाव लागनार," ती म्हणाली. "बाप लग्नाचा नको?"

आम्हाला तिने पाटांवर बसवलं. पोर माझ्या मांडीवर. दोन शेजारणींनी धुवट लुगड्याचा अंतरपाट धरला. आत्याने डोळे मिटले आणि शेवटच्या धवल्याची पहिली ओळ म्हटली. मग थांबली.

मला वाटलं विसरली. शेजारणीही एकमेकींकडे बघू लागल्या. एकीने पुढची ओळ सांगायला तोंड उघडलं, तर आत्याने डोळे न उघडताच हात वर करून तिला गप्प केलं. दुसरी ओळ म्हणून ती पुन्हा तितकाच वेळ थांबली, मान किंचित कलती करून. तेव्हा मला कळलं. ती फिडलांची वाट बघत होती. शेटचा बाजा त्यानंतर कधी आला नव्हता.

घरात नुसता पागोळ्यांचा आवाज. तिसरी ओळ झाली, ती थांबली, आणि अंतरपाटाच्या पलीकडून जाड्या आवाजात सुरू झालं, "ढुम्... ढुम्... ढुम्..." माझा नवरा, जो होडीवरसुद्धा कधी गायला नाही, त्या मोठ्या फिडलाचा आवाज काढत होता. पाटातून बसलेला हादरा त्याच्या लक्षात राहिला होता. आत्याने त्याचं संपू दिलं आणि मग पुढची ओळ घेतली. असं शेवटपर्यंत चाललं. शेजारणी तोंडात पदर कोंबून हसत होत्या आणि मी रडत होते.

अंतरपाट खाली आला. आत्याने अक्षतांचे दोन दाणे आमच्यावर टाकले, एक पोरीवर टाकला आणि गुडघे धरत उठली.

"जावयाला चा ठेव," ती मला म्हणाली. "आनि मला बी."