देवकाबाईंचं जाळं

तलावाची पाळ संपून झुडपी जंगलाची कड लागली, तशा देवकाबाई थांबल्या. डोक्यावरचं गाठोडं सारखं करत म्हणाल्या, "मॅडम, इथून बोलत चला. माणसाचा आवाज असला का जनावर बाजूले होते."

शाळेच्या मॅडम इंदुताई पदर खोचून त्यांच्या मागोमाग निघाल्या. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर दोघी निघाल्या होत्या. वाघाच्या भीतीनं जवळची वाट बंद झालेली, म्हणून हा फेरा. तास होऊन गेला होता, अजून अर्धी वाट बाकी होती. बांध्यांमध्ये धानाची रोपं लावायचा रोवणा चालला होता, पण नेहमीची गाणी कुठे ऐकू येत नव्हती.

देवकाबाई शाळेत पोषण आहार शिजवायच्या. वय साठीच्या पुढे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चार वर्षांपूर्वी इंदुताई बदली होऊन इथं आल्या, तेव्हा तिसरीचा वर्ग म्हणजे नुसता बाजार होता. एक दिवस खिचडी शिजेस्तोवर देवकाबाईंनी वर्गात जुनं जाळं आणून पसरलं. ढिवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या घरी जाळं पसरलं की कोणी उभ्यानं बघत नाही. सगळे गोल बसतात, आपापल्या पुढची कड हातात घेतात आणि फाटलेलं शोधतात. पोरंही बसली. ज्याच्या मनात असेल त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी कड ताणून धरायची. कोणी हिसका दिला तर समोरच्याच्या बोटाला कळायचं. "हळू रे विक्की, मासा नाई पकडून राह्यला तू," एवढंच देवकाबाई बोलायच्या. पुढे ते रोजचंच झालं. आधी प्रार्थना, मग जाळं, मग पाढे. इंदुताई खुर्चीत बसून हजेरी मांडायच्या आणि वर्ग कसा शांत होत जातो ते बघायच्या.

जाळं देवकाबाईंच्या नवऱ्याचं होतं. मनसाराम तलावात बुडाला त्याला वीस वर्षं झाली. जाळं जाळून टाक म्हणून लोकांनी सांगितलं होतं. त्यांनी ते खुंटीला टांगून ठेवलं. "पान्यानं नेलं त्याले," त्या म्हणायच्या, "जाळ्याचा काय दोष?"

आता दोघी चालल्या होत्या त्या वर्गातल्या आचलच्या घरी. मोहफुलं वेचायला गेलेली तिची आई उन्हाळ्यात वाघानं नेली. शाळा उघडल्यावर बाप लटारू पोरीला आणून सोडून गेला. लेकराला देवाचा आधार मिळावा, असं इंदुताईंना मनापासून वाटलं. जाळं धरून सगळे बसले होते. त्यांनी खुर्चीतूनच सगळ्यांना हात जोडून देवाचं नाव घ्यायला लावलं आणि म्हणाल्या, "आचल, आईबद्दल दोन शब्द सांग बाळा." हात जोडायला सगळ्यांनी कड सोडली होती. जाळं मधोमध पडलं. एकट्या आचलच्या हातात तेवढी कड राहिली. तिनंही ती सोडली, उठली आणि गेली. त्याला महिना झाला. तेव्हापासून ती शाळेत आली नव्हती, आणि घरीही बोलत नव्हती. मंगळवारी लटारू तिला सिरोंच्याला बहिणीकडे पोचवणार होता. तिकडे आजूबाजूला सगळे तेलुगू बोलणारे. इथं न बोलणारी पोर तिथं कोणाशी बोलणार?

"मी देवाचंच नाव घ्यायला लावलं होतं," इंदुताई एकदम म्हणाल्या. "वाईट काय केलं?"

"वाईट नाई केलं. पन सगळ्यायनं हात जोडले, तं जाळं कोनं धरलं?"

 उरलेली वाट इंदुताई मनातल्या मनात रामनाम घेत राहिल्या. जनावराला ऐकवायचं बोलणं एकट्या देवकाबाईच बोलत होत्या.

लटारूनं मॅडमसाठी बाज टाकली, पण स्वतः दारातच उभा राहिला. "आता काऊन आल्या? पोरगी बोलत नाई. बहिणीकडं भरलं घर हाय, तिथी तरी करमन तिले."

"बोलाले कोन आलं, भाऊ?" देवकाबाईंनी अंगणात गाठोडं सोडलं. "जाळं फाटलं, अन् मले दिसत नाई."

 लटारू दारातून पुढे येऊन खाली बसला आणि आपल्या बाजूची कड त्यानं ओढून घेतली. देवकाबाईंनी समोरची कड धरली. दाराआडून आचल आली, बापाजवळ बसली. तिच्याकडे कोणी मान वर करून पाहिलं नाही. जाळ्याचं एकेक घर चाचपत तिची बोटं सरकत राहिली.

"इथी फाटलं हाय."

लटारूचा हात थांबला. देवकाबाईंनी सुई-दोरा काढायची घाई केली नाही. "मोठं हाय का लहान?"

"लहान." मग जरा वेळानं, "इथी बी."

लटारूनं तोंड भिंतीकडे केलं. निघताना मात्र वेशीपर्यंत पोचवायला आला. "सोमवारी सायकलवर आनून सोडतो," तो म्हणाला. "मंगळवारचं मंग पाहू."

परत तलावाच्या पाळीवर येईस्तोवर ऊन उतरलं होतं. देवकाबाईंनी गाठोडं इंदुताईंच्या हातात दिलं.

"सोमवारी मी नाई, मॅडम. डोयाच्या ऑपरेशनले ब्रह्मपुरीले चालली. शिजवाले अंजनाबाई येईन, पन तिले चूल सोडून जाळ्यापाशी बसता येनार नाई. एक करा माह्यासाठी. खुर्ची सोडा, अन् माह्या जागेवर आचलच्या बाजूले बसा. तिले काही विचारू नोका. देवाचं नाव मनात घ्या, पन कड हातातून सोडू नोका."