ताईच्या घरगाडीचे ब्रेक

ब्रेकदादा हे नाव त्यांना गल्लीने दिले होते. कोणत्याही गाडीचे पॅडल एकदा दाबून पाहिले, की तिचे दुखणे कोठे आहे हे ते डोळे मिटून सांगत. असा मान असूनही हा मनुष्य सुखी नव्हता. शेजारच्याच गाळ्यात त्यांच्या धाकट्या भावाचे गॅरेज होते, आणि दोघांची थोरली बहीण, म्हणजे ताई, आपली जुनी घरगाडी नेहमी त्याच गाळ्यापुढे उभी करीत असे.

ती गाडी म्हणजे चाकांवरची खोलीच होती. आत पलंग, छोटा ओटा आणि ताईने स्वतः शिवलेले पडदे. दुसऱ्या दिवशी ताईला घाट उतरून लेकीकडे जायचे होते, आणि ब्रेक नीट लागत नव्हते. धाकट्याने पुढच्या चाकांचे कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटा घेणारे भाग, नवे बसवले होते. तरीही पॅडल मऊच राहिले.

ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा काढण्यास दोन माणसे लागतात. एकाने पॅडल दाबायचे, दुसऱ्याने चाकापाशी हवा सोडणारा स्क्रू सैल करायचा. वडिलांच्या हाताखाली हे काम दोघे भाऊ करीत, आणि पॅडलवर नेहमी थोरला भाऊ असे. आज त्या जागी ताई बसली होती.

"दाबू का रे, छोट्या?"

"दाब. धरून ठेव. हं, सोड!"

"पाय भरून आला बाई माझा. पण तू करतोस किती मन लावून!"

ब्रेकदादांच्या अंगाचा तिळपापड झाला. पाना मागण्याचे निमित्त करून ते तेथे गेले, चाकापाशी वाकले आणि थबकले. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला होता! त्यामुळे वर असावयाचे स्क्रू खाली आले होते. हवा वरच अडकून राहणार, कितीही दाबा. त्यांना मनातून गुदगुल्या झाल्या. ते आपल्या गाळ्याकडे वळले.

"दादा, पाना न घेताच निघालास?" धाकट्याने विचारले.

"राहू दे."

थोड्या वेळाने धाकट्याचा थकलेला आवाज आला. "ताई, दोन-तीनदा दाबलं की पॅडल वर येतंय. हळू गेलीस तर चालेल."

"तू केलंयस ना, मग झालं तर."

हे वाक्य ब्रेकदादांना सुईसारखे टोचले. धाकट्याची फजिती त्यांनी मनात रंगवून पाहिली. पण त्या चित्रात घाटाचा उतार होता, आणि पॅडलसकट गाडीच्या तळाला टेकणारा ताईचा पाय होता. ते धावतच जाऊन गाडीपुढे उभे राहिले.

"किल्ली दे इकडे! डाव्याचं उजवं केलंय या शहाण्यानं. हवा वर बसून हसतेय तुम्हाला."

धाकटा वाकला, आणि लाल झाला. "मघाशीच दिसलं ना तुला? मग बोलला का नाहीस?"

"पॅडलवर मला कुणी बोलावलं होतं?"

ताईने किल्ली त्यांच्या हातात ठेवली. मग खाली उतरली. "बस बाबा. बस एकदाचा."

कॅलिपर आपापल्या बाजूला गेले. "दाब. धर. सोड." जुनीच हाक, जुनाच पाय. अखेर पॅडल दगडासारखे घट्ट झाले. ताईने गल्लीत फेरी मारली, आणि कोपऱ्यावर गाडी अशी थांबली की आतली भांडी खणखणली. खिडकीतून डोके काढून ती ओरडली, "वा रे छोट्या!"

ब्रेकदादांचा चेहरा उतरला.

"तुझंही नाव घे म्हणून सांगू तिला?" धाकट्याने विचारले.

"नको. माझा पाना दे."

"तुझा पाना माझ्याकडे नव्हताच कधी."

"मग तुझा दे."