साडूंचा बेस मॉल्ट

सबंध सिंगापुरात जवाच्या दाण्याला माणसापेक्षा जास्त मान देणारा एकच गृहस्थ मी पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. मूळचे पुण्याचे, नोकरी सॉफ्टवेअरमधली, बिऱ्हाड बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये. पण दारातून आत आलेल्या पाहुण्याला वाटावं, आपण चुकून गोदामात शिरलो. सोफ्यामागे गोणी, पलंगाखाली गोणी, आणि एसी असलेल्या एकुलत्या एक खोलीत बियर आंबवायच्या बरण्या गार हवा खात बसलेल्या. घरी बियर करणारे इतरही मला भेटलेत. ते पिण्यासाठी करतात. साडू करायचे ती वाद घालण्यासाठी. स्वतः प्यायचे जेमतेम अर्धा ग्लास.

बियर घडते ती बेस मॉल्टवर, हे त्यांचं ठाम मत. जवाला मोड आणून, वाळवून, हलकं भाजलं की झाला मॉल्ट. त्यातला जो सगळ्यात जास्त पडतो तो बेस, बाकी सगळी फोडणी. "अरे, डाळच भिकार असली तर हिंग काय करणार?" असं म्हणत ते माझ्या तळहातावर दाणे ठेवायचे. "चाव. हा पिल्सनर. आता हा मॅरिस ऑटर. कळला फरक?" मला दोन्ही गुरांच्या खाद्यासारखे लागत. त्यांना मात्र पहिल्यात मध आणि ओलं गवत सापडे, दुसऱ्यात बिस्किट, आणि व्हिएन्ना नावाच्या तिसऱ्यात पावाची खरपूस कड. एकदा एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, जिथे खायला बंदी, दाणे चघळताना कर्मचाऱ्याने हटकलं, तर हे खाणं नसून अभ्यास आहे, हे त्याला पटवत बसले आणि आपलं स्टेशन चुकवलं. "बाबा, सो एम्बॅरसिंग लाह!" म्हणत त्यांची लेक पुढच्या डब्यात निघून गेली होती.

एका वर्षी ते लांबलेल्या तापातून उठले आणि उठल्या उठल्या मोठा घाट घातला. पाणी तेच, यीस्ट तेच, कडवटपणा आणणारे हॉप्स तेच, बदल फक्त बेस मॉल्टचा. अशा चार बियर. रविवारी दुपारी आम्ही सगळे जमलो. साडू स्वयंपाकघरात गॅसशेजारी उभे राहून ग्लास नाकाशी धरून रंगात येऊन बोलत होते. "बघा, आधी मध, मग ओलं गवत..." आणि त्यांच्या कोपराशी दूध करपत होतं. वास पार हॉलमध्ये पोचला. आम्ही धावलो. ताईंनी, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीने, गॅस बंद केला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"काय झालं?" साडूंनी विचारलं.

पाहुणे गेल्यावर ते गोणीवर बसले. "तापानंतर वासच गेलाय रे. आज जे बोललो ते सगळं पाठांतर."

"मग एवढा खटाटोप कशाला केलात?" मी विचारलं.

"वाटलं, बोलता बोलता येईल."

ताईंनी बियरला कधी हात लावला नव्हता. गोणींशी तर त्यांचं उभं वैर. त्यांनी एका गोणीत हात घातला, दाणे तोंडात टाकले आणि सावकाश चावले. "अहो, भाकरी निखाऱ्यावर फुगली की पापुद्र्याला वास येतो ना, तसं काहीतरी."

साडूंनी डोळे मिटले. "आणि मागून?"

"मागून गोडसर. भाजलेल्या रव्यासारखं."

"व्हिएन्ना!" साडू गरजले. होतीही व्हिएन्नाच.

पुढे वास हळूहळू परतला, असं ते छातीठोकपणे सांगतात. कितपत परतला, हे मी कधी विचारलं नाही. नवी गोणी उघडली की मात्र पहिला दाणा ताईंकडे जातो. "आधी तू सांग," ते म्हणतात. ताई डोळे मिटून शब्द शोधत राहतात, आणि तेवढा वेळ साडू त्यांच्याकडे बघत बसतात.