राखणदाराच्या वळणावरचे रूळ

ओढ्यावरच्या साकवावरून कुणी ओझं घेऊन चाललेलं दिसलं की मला ती घटना आजही आठवते.

म्हसळ्याच्या बाजूला माळावर बॉक्साइटची जुनी खाण होती. तिथून खाडीच्या धक्क्यापर्यंत ट्रॉल्यांसाठी रूळ टाकलेले. भरलेली ट्रॉली उतारावर सुटायची आणि ब्रेकवाला तिला आवरायचा. पुढे ट्रक आले, मग खाणही बंद पडली आणि रूळ गवतात पडून राहिले. लिलावात ते घेतलेला ठेकेदार उचलायला आला, तेव्हा बरेचसे गायब! त्याने आमच्या पोलीस ठाण्यात फिर्याद दिली.

आम्ही रीतीप्रमाणे आधी भंगारवाल्यांना बोलावलं. सगळ्यांनी कानावर हात ठेवले. जागेचा पंचनामा करताना मात्र मला एक गोष्ट खटकली. एका वळणावरचे रूळ कुणी हलवलेच नव्हते आणि तिथल्या राखणदाराच्या, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाच्या, दगडापुढे ताजा नारळ फोडलेला होता. राखणदाराला नारळ देऊन चोरी करणारा भंगारवाला मी तरी पाहिलेला नाही. हा माणूस याच रुळांवर राबलेला असणार.

त्याच आठवड्यात खबऱ्याने सांगितलं, "सायेब, वरच्या वाडीत नवा साकव झालाय. खाली रूळ हायेत."

वाडीतल्या म्हाताऱ्या ब्रेकवाल्याला ठाण्यात आणलं, चहा दिला.

"बाबा, वळण का सोडलंत?"

"तिथं माझा भाव ट्रॉलीखाली गेला. तवापासनं आमी तिथं नारळ देतो. राखणदाराचं कसं काढू?"

"आणि बाकीचं?"

"त्याला इचारूनच काढलं. वहाळाला पानी आलं की आजाऱ्याची डोली पल्याड जात न्हाय. बाळंतपणात माझी सून अल्याडच गेली, सायेब. मला आत टाका, पन साकव काढू नका."

एकट्याचं ते काम नव्हतं, पण त्याने दुसऱ्या कुणाचं नाव शेवटपर्यंत घेतलं नाही. मला फार वाईट वाटलं. तरी चोरीचा मुद्देमाल जप्त करणं भाग होतं. मी तो जागेवरच जप्त केला आणि सुपुर्दनाम्यावर ग्रामपंचायतीच्या ताब्यात दिला. कोर्टाच्या हुकमाशिवाय हलवायचा नाही, अशी अट घातली.

ठेकेदार माझ्यावर जाम उखडला. आपले रूळ बघायला तरातरा वाडीत गेला, तो त्याच साकवावरून. परत आला तेव्हा आवाज उतरला होता. कोर्टात त्याने तडजोड केली; म्हातारा सुटला, साकव राहिला. वळणावरचे रूळही त्याने तसेच राहू दिले.

चोराने काय नेलं हे आम्ही पोलीस नेहमीच बघतो. त्याने काय सोडलं तेही बघावं, हे मी तिथे शिकलो.

म्हातारा पुढे ऐन पावसात गेला. वहाळ दुथडी भरून वाहत होता. वाडीने त्याला खांद्यावर घेऊन साकवावरून पल्याडच्या स्मशानात नेलं.